जेआरएफ मिळाली, आता पुढे?

संशोधक विद्यार्थ्यांच्या गप्पा पैशांवर आल्या की दोनच प्रश्न निघतात. जेआरएफ आहे का, आणि मागच्या महिन्याची जमा झाली का? दोन्ही रास्त आहेत. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, एसआरएफ ३५ वरून ४२ हजार, घरभाडं वेगळं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी तर विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली. एवढ्या ओढाताणीनंतर रक्कम सुरू झाली की माणूस हुश्श करतो आणि पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या पैशाकडे पाहत नाही. नेमक्या याच पाच वर्षांत बाहेरच्या फेलोशिपची दारं उघडतात आणि बंदही होतात.

फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप घ्या. ती भारतात पीएचडीला नोंदणी केलेल्यांसाठीच आहे. सहा ते नऊ महिने अमेरिकेतल्या विद्यापीठात काम करायचं, परत यायचं आणि मगच प्रबंध सादर करायचा. अर्ज उन्हाळ्यात भरायचा, जायचं पुढच्या वर्षी. म्हणजे शेवटचं प्रकरण लिहिताना जिला हिचं नाव कळलं, तिची संधी हुकलेली असते. दुसऱ्या वर्षात असलेल्या मुलीला मात्र भरपूर वेळ असतो, पण त्या वर्षी तिला कुणी सांगत नाही. कोर्सवर्क, सिनॉप्सिस आणि संशोधन सल्लागार समितीच्या (आरएसी) बैठका यांतच ते वर्ष सरतं.

पीएचडीनंतर घड्याळ आणखी कडक होतं. जीवशास्त्रातल्या एम्बो या युरोपीय संस्थेच्या फेलोशिपसाठी पदवीनंतर दोनच वर्षं मिळतात आणि देश बदलावा लागतो. भारत २०१६ पासून त्या संस्थेच्या युरोपीय परिषदेचा सहयोगी सदस्य आहे, ही आपली जमेची बाजू. जर्मनीच्या हुंबोल्ट फेलोशिपला पोस्टडॉकसाठी पदवीनंतर साधारण चार वर्षांची मर्यादा. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपला ती आठ वर्षांची, पण तिथे आणखी एक मेख आहे. ज्या देशात जायचं, तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. ‘आधी मिळेल त्या कामावर जर्मनीला जाऊ, तिथे बसून अर्ज भरू’ म्हणणारा दीड वर्षानं जर्मनीसाठी अपात्र ठरतो. अटी बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचावं. सीनियरच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

हुंबोल्टची एक गंमत. तिला बराच काळ शेवटची तारीखच नव्हती, वर्षभरात केव्हाही अर्ज करता यायचा. मुदतीच्या रात्री बंद पडणाऱ्या संकेतस्थळांवर वाढलेल्या आपल्या पोरांना हे खरंच वाटत नाही. अमुक देशाला इतक्या जागा, अमुक विषयाला तितक्या, असा हिशेबही तिथे नसतो. फक्त जर्मनीतल्या एखाद्या प्राध्यापकानं ‘या, माझ्याकडे काम करा’ असं लेखी कळवलेलं हवं.

आणि गाडी अडते ती इथे. एकच मेल पन्नास जणांना जातो: आदरणीय सर, आपल्या थोर संशोधनानं मी भारावून गेलो आहे. उत्तर येत नाही, ते योग्यच. त्याऐवजी भूशास्त्राची एखादी विद्यार्थिनी लिहील, ‘माझ्याकडे सह्याद्रीतल्या या घाटातले बसाल्टचे नमुने आहेत; त्यांचं वय मोजायची सोय तुमच्या प्रयोगशाळेत आहे; तुमच्या अमुक निबंधातल्या कालगणनेशी माझी निरीक्षणं जुळत नाहीत.’ अशा चार ओळी वाचल्या जातात. आपल्याकडे काय आहे आणि तिथेच का जायचं, हे त्यात आलेलं असतं. या चार ओळी लिहिताना अनेकांना पहिल्यांदा कळतं की आपला प्रश्न अजून आपल्यालाच नीट मांडता येत नाही. अर्ज नापास झाला तरी ही कमाई हातात राहते.

शिफारसपत्रं हे आपलं जुनं दुखणं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही विभागात ऐकू येतं. मग विद्यार्थी संकोचानं स्वतःला कष्टाळू, प्रामाणिक आणि नम्र ठरवतो. निवड समितीला नम्रतेशी कर्तव्य नसतं. या मुलीनं अडलेला कोणता प्रयोग स्वतःच्या डोक्यानं सोडवला, हे त्यांना हवं असतं, आणि ते गाईडलाच सांगता येतं. गाईड मंडळींनी वर्षातला एक तास यासाठी काढायला हरकत नसावी.

पण गाईडच नाखूश असतात, त्याचं काय? त्यांचीही बाजू आहे. हाताशी आलेला विद्यार्थी सहा महिने गेला की प्रयोगशाळेतलं काम थांबतं. शिवाय प्रकल्पाच्या पैशावर नेमलेल्या मुलाचा विषयही प्रकल्पाचाच असतो. स्वतःच्या नावावर फेलोशिप असलेल्याला मात्र विषय आणि जागा निवडता येते. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स २००८ पासून हेच करत आली आहे. तिच्या अर्ली करिअर फेलोला पगाराबरोबर संशोधनाचा खर्चही मिळतो. त्या वयात आपल्या प्रश्नासाठी आपला पैसा असणं काय असतं, हे दुसऱ्याच्या ग्रँटवर वर्षं काढलेल्या पोस्टडॉकला विचारा.

‘हे सगळं सायन्सवाल्यांचं’ असं इतिहासाचे विद्यार्थी म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीची दप्तरं आणि मराठी हस्तलिखितांचा एक साठा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. भारतीय संशोधकांना ब्रिटनमध्ये अल्पकाळ काम करायला पैसे देणारा चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट १९८१ पासून आहे. हा वॉलेस कलकत्त्यात व्यापार करून गबर झाला होता. त्यातले थोडे पैसे आपली कागदपत्रं पाहायला वापरण्यात संकोच कसला?

एक व्यवहाराची गोष्ट. एकाच काळात दोन फेलोशिपचे पैसे घेणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. जेआरएफवर असताना बाहेर जायचं तर विद्यापीठाची लेखी परवानगी आणि मधल्या काळाच्या रकमेचा हिशेब अर्जाआधीच स्पष्ट करून घ्यावा. हा कागद मिळायला व्हिसापेक्षा जास्त दिवस लागू शकतात.

बहुतेक अर्ज नाकारले जातात. मारी क्युरीसारख्या ठिकाणी मात्र नकाराबरोबर शंभरपैकी गुण आणि परीक्षकांचे शेरेही येतात. ८५ किंवा जास्त गुण असूनही पैसे संपल्यामुळे राहिलेल्यांना गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर काही युरोपीय देश आपल्या तिजोरीतून पैसे देतात. ७० च्या खाली गुण पडले, तर पुढच्या वर्षी त्याच संस्थेबरोबर पुन्हा अर्ज करता येत नाही, असा नियम अलीकडे होता. म्हणून कच्चा अर्ज ‘नशीब आजमावायला’ धाडणं महागात पडतं. शेरे वाचून दुरुस्त केलेला तोच प्रस्ताव थोडा कापून-जोडून हुंबोल्टला पाठवता येतो.