दिसणं-ऐकणं दोन्ही अधू असतं तेव्हा

बहिरांधत्व म्हणजे नजर आणि कान दोन्ही अधू. बहुतेक मुलांना थोडंफार दिसतं किंवा ऐकू येतं, म्हणूनच ते उशिरा ध्यानात येतं. गावात पहिली शंका बहुधा आईला किंवा अंगणवाडीताईंना येते. ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला लगेच सांगावी.

अशा मुलाची भाषा हातांतून सुरू होते. जेवणाआधी रोज तोच चमचा हातात द्यायचा, आंघोळीआधी तांब्या. जवळ जाताना आधी खांद्याला हलका स्पर्श, मग आपली नेहमीची बांगडी चाचपू द्यायची. कोण आलंय ते त्याला कळतं. न सांगता उचललं तर मूल भेदरतं. पुढे कधीतरी ते स्वतःच चमचा आणून देतं. ते त्याचं बोलणंच असतं, त्याला लगेच जेवण मिळायलाच हवं.

मुंबईत १९७७ पासून हेलन केलर इन्स्टिट्यूट या मुलांना शिकवते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही बहिरांधत्वाचा समावेश आहे.

गरोदरपणात रुबेला झाल्यास बाळाचे डोळे-कान बिघडू शकतात. मुलांची गोवर-रुबेला लस चुकवू नये. अशर सिंड्रोममध्ये मात्र ऐकू कमी येणाऱ्या मुलाची नजर पुढे अधू होत जाते. असं मूल तिन्हीसांजेला अडखळू लागलं, तर डोळे तपासून घ्यावेत.