खर्ज कुठे गेला?

गोंदियाला आमच्या घरी वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. १९४८ साली सुरू झालेले नागपूर आकाशवाणी केंद्र त्यावरच ऐकत आम्ही वाढलो. वडील गेल्यावर तो दुरुस्त करून आणला, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा! मागचे झाकण उघडले. स्पीकर फळीला आतून चार स्क्रूंनी बसवलेला, पण मधली नमद्याची चकती गायब. कागदी पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो; फट राहिली की दोन्ही लाटा एकमेकींना मारतात, खर्ज हरवतो. जुन्या ब्लँकेटची चकती कापली. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले. एकच पिळला तर सांगाडा वाकून कॉइल घासते. संध्याकाळी बातम्या लागल्या. आई आतून म्हणाली, ‘‘हळू कर जरा, ह्यांना एवढा मोठा नाही आवडायचा.’’