टकटक होते, पण ज्योत नाही

नरक चतुर्दशीची पहाट. अंगाला तेल लावून झालेले, वाटीत उटणे कालवलेले, पाटाजवळ कारीट ठेवलेले. कुणीतरी बाथरूममधला नळ सोडते. गॅस गीझरमधून टक-टक-टक आवाज येतो, थांबतो आणि बादलीत गारच पाणी पडत राहते. स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, “सिलिंडर संपला की काय?” घरातल्यांचा पहिला संशय गॅसवर जातो. दुरुस्तीला येणारा कारागीर मात्र आधी पाणी आणि सेल बघतो.

कारण या यंत्राचे खरे बटण म्हणजे नळ. नळ सोडला की आत शिरणारे पाणी रबराच्या एका पातळ पडद्याला, डायफ्रॅमला, ढकलते. पडद्याला जोडलेली पिन सरकते आणि मायक्रोस्विच दाबला जातो. मग सेलमधली वीज कामाला लागते. ठिणगी पडू लागते आणि गॅसची झडप उघडते. बर्नरजवळची एक बारीक सळई ज्योतीवर नजर ठेवते. ज्योतीतून किंचित वीज वाहू शकते, तेवढ्यावरून तिला ज्योत कळते. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही, तर झडप आपोआप बंद होते. म्हणजे न पेटणारा गीझर यातल्या कुठल्या तरी एका पायरीवर अडलेला असतो, आणि ती पायरी बरेचदा नुसत्या कानाने ओळखता येते.

टकटक अजिबातच नसेल, तर सेल काढून बघावेत. बहुतेक गीझरमध्ये टॉर्चचे दोन मोठे सेल असतात, प्रत्येकी 1.5 व्होल्टचे. बाथरूमच्या दमट हवेत त्यांच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढते. पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसून नवे सेल घातले की पुष्कळ गीझर तिथेच सुरू होतात. चार्ज होणारे सेल 1.2 व्होल्टचे असतात, दोन मिळून 2.4. एवढ्यावर काही गीझर अडून बसतात. कधी थकलेल्या सेलवर ठिणगी पडते, पण गॅसची झडप उघडण्याइतका जोर उरत नाही. तेव्हा टकटक ऐकू येत असली, तरी सेल निर्दोष ठरत नाहीत.

सेल नवे असूनही शांतताच असेल, तर बहुधा पाणी कमी पडते आहे. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याला दर मीटर उंचीमागे सुमारे 0.1 बार दाब मिळतो. म्हणून तळमजल्यावर झकास चालणारे मॉडेल सर्वांत वरच्या मजल्यावर रुसते. बोअरच्या पाण्याने घरोघरी आणखी एक दुखणे दिले आहे, क्षारांचे. गीझरच्या तोंडाशी असलेली जाळी आणि शॉवरची भोके त्यांनी बुजतात. बादलीच्या नळाला गीझर पेटतो आणि शॉवरला पेटत नाही, असे असेल तर शॉवर उघडून साफ करावा.

टकटक जोरात होते आणि ज्योत नाही, तेव्हा मात्र गॅसची पाळी. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला साधारण 10.5 किलोवॅट उष्णता लागते. शेगडीचा एक बर्नर जेमतेम दोनेक किलोवॅटचा असतो. म्हणजे गीझर पेटतो तेव्हा जणू पाचेक बर्नर एकदम मोठे केलेले असतात. सिलिंडर तळाला आला की शेगडीवर चहा होतो, पण गीझर धाप टाकतो. कडाक्याच्या थंडीत द्रव गॅसची वाफ सावकाश होते, म्हणून पहाटे न पेटलेला गीझर कधी कधी दुपारी पेटतो. सिलिंडर बदलल्यावर नळीत शिरलेली हवा निघून जाईपर्यंतही दोन-तीनदा नळ उघड-बंद करावा लागतो. गॅसचा वास येत असेल, तर पुन्हा प्रयत्न नकोच. रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणांना हात लावू नये. एलपीजी गळतीसाठी देशभर 1906 हा क्रमांक आहे.

पेटून लगेच विझणाऱ्या गीझरमध्ये ती पहारेकरी सळई काजळलेली असू शकते. पण ते काम, आणि गॅसच्या जोडांचे कुठलेही काम, कारागिराचेच.

गीझर हे नाव आइसलंडमधल्या उसळत्या गरम झऱ्याचे. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी 1868 मध्ये गॅसवर झटपट पाणी तापवणारे यंत्र आणले आणि त्याला ते नाव दिले. त्यात धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. दीडशे वर्षांनंतरही आपल्या कित्येक बाथरूममध्ये तीच उणीव कायम आहे, आणि इथे गप्प बसणे बरोबर नाही. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. अंघोळीला गेलेली धडधाकट माणसे बाथरूममध्ये बेशुद्ध सापडल्याच्या, काहींना झटके आल्याच्या घटना भारतीय डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. न पेटणारा गीझर अंघोळ चुकवतो. वाईट पेटणारा जीव घेतो.

म्हणून दुरुस्तीला माणूस आलाच आहे, तर गीझर बाथरूममधून काढून हवेशीर गॅलरीत, वाऱ्याचा थेट झोत लागणार नाही अशा भिंतीवर बसवून घ्यावा आणि आत फक्त पाण्याची नळी आणावी. नळी लांबल्यामुळे सुरुवातीचे तांब्या-दोन तांबे पाणी गार येते. ते वेगळे धरून कुंड्यांना घालता येते.