शिक्षणाचा जमाखर्च (लेखांक सहावा) : घरबसल्या पदवीचे मोल

गेल्या आठवड्याच्या लेखांकात परगावी राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या खर्चाचा हिशेब मांडला. या आठवड्यात, जो नोकरीमुळे, घरातील आजारपणामुळे, अथवा आंबा-काजूच्या बागेकडे पाहणारे दुसरे कोणी नसल्यामुळे गाव सोडू शकत नाही, आणि ज्याच्या मोबाइलवर घरबसल्या पदवी मिळवून देण्याच्या जाहिराती दररोज येत असतात, त्याच्या निर्णयाचा विचार करावयाचा आहे.

कोकणातील विद्यार्थ्याने शिक्षणाची किंमत फार पूर्वीपासून फीपेक्षा अंतराच्या रूपानेच अधिक मोजली. ज्यांनी पुढे 1916 साली महिला विद्यापीठ स्थापिले, ते धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतात एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. 1945 साली रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीने आपले महाविद्यालय (आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय) सुरू केले, त्याआधी पदवी म्हणजे मुंबई, पुणे वा कोल्हापूर हे समीकरण येथे ठरलेले होते. मुंबई विद्यापीठाने 1971 साली पत्रद्वारा शिक्षणाची सोय केली, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये, डॉ. राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली, उभे राहिले, तेव्हा अंतराचा हा कर प्रथमच हलका झाला. घरबसल्या शिक्षण हा आजच्या संगणकयुगाचा शोध आहे असे मानून त्यासाठी वाटेल ती रक्कम देण्यास तयार होणाऱ्या पालकाने हा इतिहास ध्यानी घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने मिळविलेली पदवी प्रत्यक्ष महाविद्यालयात जाऊन मिळविलेल्या पदवीशी समतुल्य असते, आणि 2022 च्या सप्टेंबरात आयोगाने ते पुनश्च स्पष्ट केले. खासगी विद्यापीठांचे प्रतिनिधी हा नियम आवर्जून सांगतात. पण त्याच नियमाची दुसरी बाजू अशी की, लाखाच्या घरात फी असलेली त्यांची ऑनलाइन पदवी आणि काही हजारांत पुरी होणारी मुक्त विद्यापीठाची पदवी याही कायद्याच्या दृष्टीने परस्परांच्या तोडीच्याच ठरतात. म्हणजे अधिकचे पैसे पदवीच्या कायदेशीर मोलासाठी दिले जात नाहीत. ज्ञानासाठी दिले जातात म्हणावे, तर भारत सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावर 2017 पासून, आणि आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’वर त्याच्याही आधीपासून, उत्तमोत्तम प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत, प्रमाणपत्र हवे असल्यास तेवढी परीक्षेची माफक फी भरावी लागते. उरते ती सोय, सुबक मांडणी, आणि विद्यापीठाच्या नावाचा बाजारातील दबदबा. यांना काहीच मोल नाही असे मी म्हणत नाही. परंतु आपण नेमके कशाचे पैसे देत आहोत, हे देणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.

आता हिशेब मांडू. समजा, लांज्याच्या बाजारपेठेत दुकानावर काम करणाऱ्या एका तरुणास दरमहा 10,000 रुपये मिळतात. त्याने नोकरी सोडून तीन वर्षे महाविद्यालयात काढली तर फी कितीही अल्प असली तरी 3,60,000 रुपयांची मिळकत बुडते, आणि हा आकडा कोणत्याही माहितीपुस्तकात छापलेला नसतो. उलट त्याने 1,20,000 रुपयांची ऑनलाइन पदवी चोवीस हप्त्यांत घेतली, तर व्याज शून्य धरूनही महिन्याचे 5,000, म्हणजे अर्धा पगार, हप्त्यात जातो. आणि दुसऱ्या सहामाहीत अभ्यास सुटला तरी कर्ज सुटत नाही. मुक्त विद्यापीठात मात्र पगार चालू राहतो, वर्षाची फी एखाददुसऱ्या महिन्याच्या बचतीतून निघते, आणि एखादे वर्ष वाया गेलेच तर ते घर बुडवून जात नाही. अशा माणसाने प्रथम मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राची चौकशी करावी, यात मला तिळमात्र शंका नाही.

बारावी होऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या, मिळकतीची सक्ती नसलेल्या मुलामुलींसाठी मात्र माझा कौल वेगळा आहे. चिपळूण, देवरुख, रत्नागिरी येथील महाविद्यालयांच्या अनुदानित तुकड्यांत प्राध्यापकांचे वेतन सरकारी तिजोरीतून होत असल्याने फी मर्यादित राहते (त्याच इमारतीतील विनाअनुदानित तुकडीची फी अधिक असू शकते, म्हणून प्रवेशअर्ज भरतानाच हा भेद विचारून घ्यावा), एस.टी.च्या मासिक पासावर विद्यार्थ्यास मूळ भाड्याचा तिसरा हिस्साच द्यावा लागतो. आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क 2024-25 पासून राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे, मात्र खासगी विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. शिवाय, प्रयोगशाळेत चुकलेला हात धरून दुरुस्त करणारा शिक्षक, वर्गातील वादविवाद, आणि 1828 पासून वाचकांची सेवा करणाऱ्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयासारख्या संस्थेत घालविलेली दुपार, यांची भरपाई पडद्यावरून होत नाही. महाविद्यालयाची मान्यता असल्यास ‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक एका सत्रातील चाळीस टक्के विषयांपर्यंत पदवीत जमा होऊ शकतात, तेव्हा दोहोंचा मेळ घालण्याची मुभाही आहे.

इतके करूनही ज्यास खासगी विद्यापीठाची ऑनलाइन पदवीच घ्यावयाची आहे, त्याने पैसे भरण्यापूर्वी त्या विशिष्ट अभ्यासक्रमास त्या वर्षापुरती मान्यता आहे काय, हे आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या यादीत स्वतः पाहावे. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, विधी यांसारखे अभ्यासक्रम या मार्गाने देण्यास परवानगीच नाही. मध्यस्थ कंपन्यांशी करार करून विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम मक्त्याने चालवू नयेत, असे आयोगाने 2022 च्या जानेवारीत बजावले आहे. आणि खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची संमती देऊ नये, हा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा डिसेंबर 2021 चा सल्ला आजही तितकाच उपयुक्त आहे. पावतीवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर लावलेला दिसला तर विशेष चौकशी करावी, कारण मान्यताप्राप्त पदवीच्या शिक्षणास हा कर लागत नाही.

परीक्षा कोठे द्यावयाची, हेही लेखी विचारून घ्यावे. घरी बसून कॅमेऱ्यासमोर परीक्षा देण्याची मुभा ऐकावयास सुखाची वाटते. पण आषाढात राजापूर वा संगमेश्वर तालुक्यातील एखाद्या वाडीत वीज दोन दोन दिवस येत नाही, टॉवर बंद पडतो, आणि अर्धी उत्तरपत्रिका हवेत राहते, तेव्हा तालुक्याच्या गावचे परीक्षाकेंद्र आणि तेथवर नेणारी सकाळची एस.टी. हीच अधिक भरवशाची ठरते.

पुढील लेखांकात शैक्षणिक कर्जाच्या अर्जाचा, तारणाचा आणि हप्त्यांचा विचार करू.