परवलीचा शब्द जवळ न ठेवतां कसा ओळखावा

गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याच्या मातोश्री एका पत्राची प्रत घेऊन मजकडे आल्या. मुलाची फी भरण्यासाठीं एका संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांनीं खातें उघडलें होतें, आणि परवलीचा शब्द, ज्यास आमचीं मुलें पासवर्ड म्हणतात तो, त्या विसरल्या होत्या. तसें कळवितांच घटकाभरांत ई-पत्रानें त्यांचा तोच जुना शब्द, अक्षर न अक्षर, त्यांस परत आला. "किती तत्पर लोक आहेत!" असें त्या म्हणाल्या. मला मात्र धडकी भरली. कारण बँकेच्या खात्यासही तोच शब्द लाविला आहे, हें त्यांच्याच बोलण्यांत आलें.

जो शब्द परत पाठवितां येतो तो त्या संस्थेच्या नोंदवहींत जसाच्या तसा, अथवा पुन्हा वाचतां येईल अशा रूपानें ठेविलेला असतो. मग ती वही चोराच्या हातीं पडली, किंवा कचेरींतील एखाद्यास मोह झाला, कीं हजारों घरांच्या किल्ल्या एका दमांत गेल्याच. ही भीति काल्पनिक नव्हे. १९६६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या-संस्थेंत अनेकांनीं मिळून वापरावयाचा एक मोठा संगणक होता. दोघे चालक एकाच वेळीं दोन निरनिराळे कागद दुरुस्त करीत असतां यंत्रानें त्यांची अदलाबदल केली, आणि त्या दिवशीं जो कोणी कामास बसे त्याच्यापुढें नित्याच्या सूचनेऐवजीं सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी छापून येऊं लागली! तेथें चोर कोणीच नव्हता. २००९ सालीं रॉकयू नामक कंपनीचे सुमारें ३ कोटी २० लाख शब्द बाहेर पडले, तेही उघड्या अक्षरांत. त्यांत सर्वांत अधिक वेळां आढळलेला शब्द कोणता म्हणाल, तर १२३४५६.

तर मग शब्द जवळ न ठेवतां माणसास ओळखावें कसें? १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठांत रॉजर नीडम ह्यांनीं जी युक्ति योजिली ती आमच्या मुलींस जात्यावरून लवकर समजेल. गहूं दळून पीठ होतें, परंतु पिठापासून पुन्हा गहूं होत नाहीं. तसें शब्दावर गणिताची अशी क्रिया करावयाची कीं तिचें फळ सहज काढतां यावें, पण फळावरून शब्द काढतां येऊं नये. ह्या क्रियेस हॅश म्हणतात. वहींत केवळ पीठ ठेवावयाचें. आपण दारीं येऊन शब्द सांगितला कीं तो त्याच जात्यांत दळावयाचा आणि दोन्ही पिठें जुळतात कीं नाहीं तें पाहावयाचें. दृष्टान्त एके ठिकाणीं लंगडा पडतो: मूठभर गहूं बदलला तर पिठांत फारसा फरक दिसत नाहीं, येथें मात्र एक अक्षर बदललें तरी सर्व पीठ निराळें होतें.

एवढ्यानें चोर थांबला असता तर बरें होतें. तो पीठ उलटें फिरवीतच नाहीं. तो लोकांच्या आवडीचे लाखों शब्द स्वतः दळतो आणि आपलें पीठ चोरलेल्या वहीशीं ताडून पाहतो. दोघांनीं एकच शब्द घेतला असेल तर त्यांचें पीठही एकच, म्हणजे एका दळणांत दोन घरें उघडतात. ह्यावर उपाय मिठाचा. प्रत्येक खात्यासाठीं यंत्रानें सोडत काढल्याप्रमाणें कांहीं अक्षरें निवडावीं, तीं शब्दांत मिसळून मग दळावें, आणि मीठ पिठाशेजारींच उघडें लिहून ठेवावें. तें गुप्त असावें लागत नाहीं. त्यानें इतकेंच होतें कीं चोरास प्रत्येक घराचें दळण निराळें घालावें लागतें. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन ह्यांनीं १९७९ सालच्या आपल्या निबंधांत हें मीठ वर्णिलें आहे. त्याचे ४०९६ प्रकार होते. त्यांनीं लोकांचे ३२८९ शब्द तपासले असतां शेंकडा ८६ सहज शोधून काढण्याजोगे निघाले. असें असूनही २०१२ सालीं लिंक्डइनचे सुमारें ६५ लाख हॅश बाहेर पडले, ते अळणीच होते.

तिसरी गोष्ट सावकाशीची, आणि माझ्या मतें हीच लोकांस उलटी वाटते. इतरत्र यंत्र जितकें वेगवान तितकें चांगलें. येथें जातें जड हवें. केवळ इंग्रजी लहान अक्षरांचे आठ अक्षरी शब्द सुमारें २०,८८२ कोटी होतात. एम-डी-५ सारखें हलकें जातें आजचीं यंत्रें सेकंदास हजार कोटी वेळां सहज फिरवितात, म्हणजे सर्व शब्द एकवीस सेकंदांत संपले. तेंच एका शब्दास सेकंदाचा दहावा भाग लागेल असें जातें घेतलें, तर तसल्या एका यंत्रास सहाशेंहून अधिक वर्षें लागतील. चोर पुष्कळ यंत्रें लावील हें खरें, पण त्यास प्रत्येकाचा खर्च पडेल. आपणांस मात्र प्रवेशाच्या वेळीं सेकंदाचा दहावा भाग जाणवतही नाहीं. १९९९ चें बीक्रिप्ट आणि २०१५ सालीं स्पर्धेंत पहिलें आलेलें आर्गॉन-२ हीं अशीं जड जातीं होत. ज्यानें १२३४५६ हाच शब्द घेतला त्यास मात्र कोणतेंही जातें तारणार नाहीं. तो पहिल्याच मुठींत दळला जातो.

आतां संकेतस्थळ रचणाऱ्यानें हें बसवावें कसें? वरच्या वर्गांतील मुलें असले खटाटोप करूं लागलीं आहेत, म्हणून थोडें सांगतों. जातें स्वतः घडवूं नये. जावा भाषेंत स्प्रिंग सिक्युरिटी, पायथनमध्यें जँगो अशा तयार चौकटी आहेत. प्रवेशाचा सर्व व्यवहार त्यांजकडे सोंपवावा. स्प्रिंगला मुख्यतः दोन सेवक हवे असतात: एक नांवावरून खातें काढून देणारा, दुसरा दळणारा व ताडून पाहणारा. नवशिके येथें एक चूक हमखास करितात. ते आलेला शब्द स्वतः नव्यानें दळतात आणि वहींतील पिठाशीं जुळत नाहीं म्हणून डोकें धरून बसतात. जुळेल कसें? मीठ नवें पडलें ना! ताडण्याचें कामही दळणाऱ्यासच द्यावें. तो जुनें मीठ वहींतूनच उचलतो. बीक्रिप्टची नोंद ६० अक्षरांची असते: आरंभीं पद्धतीचें चिन्ह व जात्याचा जडपणा, मग २२ अक्षरें मीठ, मग ३१ अक्षरें पीठ. वहींतील रकाना पन्नासाचा ठेविला तर शेपूट तुटतें आणि कोणासच आंत येतां येत नाहीं.

मराठींत परवल लिहिणाऱ्यांनीं एक लक्षांत ठेवावें. बीक्रिप्ट पहिल्या ७२ बाइटांपलीकडे पाहत नाहीं. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, बहुधा तीन बाइट घेतें; म्हणजे चोविसाव्या चिन्हापुढें आपण कितीही लांब वाक्य रचिलें तरी तें व्यर्थ.

जुनी उघडी वही नव्या रीतीस नेणें त्या मानानें सोपें आहे. जेथें शब्द जसेच्या तसे आहेत तेथें एका रात्रींत सर्व दळून मूळ पुसून टाकावे. जेथें हलकें पीठ आहे तेथें तेंच पुन्हा जड जात्यांत घालावें, आणि खातेदार पुढें प्रवेश करील त्या क्षणीं, खरा शब्द हातीं असतांना, नवें शुद्ध दळण करून जुनें काढावें.

त्या मातोश्रींनीं त्याच दिवशीं बँकेचा शब्द बदलला आणि संस्थेस पत्र लिहिलें. दोन महिन्यांनीं त्यांनीं मुद्दाम पुन्हा "शब्द विसरलें" असें कळवून पाहिलें. ह्या वेळीं शब्द आला नाहीं. अर्ध्या तासांत निरुपयोगी होणारा एक दुवा आला, आणि त्यावरून नवा शब्द निवडावा असें लिहिलें होतें.