टेबलावरील गोल्फ व विक्रमांची वही

अमेरिकेंत लँकेस्टर गांवीं १९५१ सालीं निघालेल्या ‘ॲपबा’ कंपनीनें पुढें गोल्फचाही बैठा खेळ काढला. नामांकित खेळाडूच्या नांवाचें एकेक कार्ड. दोन फासे टाकावयाचे, त्यांचे अंक जोडून वाचावयाचे, म्हणजे पांच व दोन पडल्यास ५२, आणि त्या आंकड्यासमोर फटक्याचें फळ पाहावयाचें. असे आंकडे अवघे ३६.

हा खेळ पुष्कळदां एकट्यानेंच खेळला जातो. समोर प्रतिस्पर्धी नाहीं, पंच नाहीं. उरते ती विक्रमांची वही. फासा टेबलाखालीं गेला तर तो पुन्हां टाकावयाचा कीं नाहीं, हें डाव मांडण्यापूर्वींच ठरवावें. वाईट आंकडा पाहिल्यावर केलेला नियम हा नियमच नव्हे!

तथापि प्रामाणिक वहीही फसवूं शकते. ६६ हा आंकडा लागोपाठ दोनदां पडण्याचा संभव १२९६ त एक. एका फेरींत साठसत्तर वेळां फासे पडत असतील, तर सरासरीनें वीसएक फेऱ्यांमागें एकदां हा चमत्कार घडावयाचाच. खऱ्या मैदानावर, पी. जी. ए. टूरमध्यें ५९ फटक्यांची पहिली फेरी अल गायबर्गर यांनीं १९७७ सालीं मेंफिस येथें खेळली. जिम फ्युरिक यांचे ५८ फटके २०१६ सालचे. तेथें शरीर थकतें, हात कांपतो. फाशाला थकवा नाहीं. जो हजार फेऱ्या खेळेल त्याचा नीचांक दहा फेऱ्यांच्या खेळाडूहून बहुधा खालींच जाणार. म्हणून नीचांकाशेजारीं फेरीचा अनुक्रमांक, मैदानाचें नांव आणि तोंवरची सरासरी हीं तिन्ही लिहिलीं पाहिजेत. कंटाळून अर्धवट सोडलेल्या फेऱ्यासुद्धां.