समजावून सांगणे हाही उपचारच

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाची पहिली रात्र बहुधा जागून जाते. दुखणे हे त्याचे एक कारण असते. परंतु एकमेव नव्हे. उद्या काय करणार, किती दुखणार, पाणीसुद्धा का बंद केले, या प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी नसतात. डॉक्टर राऊंडला येतात आणि काही मिनिटांत पुढच्या खाटेकडे वळतात. आठही प्रहर जवळ असते ती परिचारिका. तिने रुग्णाशी दोन शब्द बोलावेत ही अपेक्षा केवळ सौजन्याची मानली जाते. वस्तुतः तो उपचाराचा प्रश्न आहे.

बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील भूलतज्ज्ञांनी पोटाची शस्त्रक्रिया व्हावयाच्या ९७ रुग्णांवर केलेला एक प्रयोग १९६४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या रुग्णांना वेदना कोठे व किती होईल, स्नायू सैल कसे सोडावेत, कुशीवर कसे वळावे, हे नीट समजावून दिले होते. कोणाला समजावले आहे, हे शल्यविशारदांना ठाऊक नव्हते. या रुग्णांना वेदनाशामक औषध सुमारे निम्मेच लागले आणि ते सरासरी अडीच दिवसांहून अधिक आधी घरी गेले. ब्रिटनमधील जॅक हेवर्ड यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या परिचर्येविषयीच्या संशोधनाचाही रोख असाच होता : माहिती हा वेदनेवरचा उतारा आहे.

यात चमत्कार काहीच नाही. भीतीने पोटाचे स्नायू आखडतात, टाके ताणले जातात आणि वेदना वाढते. वेदनेपायी रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग कफ छातीत साचतो व न्यूमोनियाला वाट मिळते. ‘खोकताना जखमेवर उशी दाबून धरा’ हे सांगण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. घरी जाताना तर हे सांगणे अधिकच मोलाचे ठरते. इन्शुलिन टोचल्यावर जेवण चुकवू नये, घाम सुटून हात कापू लागल्यास ताबडतोब साखर खावी, एवढे न कळल्याने रुग्ण बेशुद्धावस्थेत परत येऊ शकतो.

अमेरिकेत रुग्णांना विचारावयाच्या राष्ट्रीय प्रश्नावलीत परिचारिकांविषयी तीन प्रश्न आहेत : त्या आदराने वागल्या काय, लक्षपूर्वक ऐकत होत्या काय, आणि समजेल अशा रीतीने सांगत होत्या काय. २००८ पासून तिचे निष्कर्ष जाहीर होतात. २०१२ पासून रुग्णालयांना मिळणाऱ्या सरकारी रकमेचा काही भागही त्यांच्याशी जोडला गेला. समाधानाची अशी मोजदाद हास्याचा बाजार मांडू शकते, ही शंका रास्त आहे. परंतु त्या तीन प्रश्नांत हास्याचा उल्लेख नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे मात्र परिचारिकेच्या तुटक बोलण्याचा दोष तिच्या स्वभावावर टाकून सारे मोकळे होतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात ३ खाटांमागे व सामान्य रुग्णालयात ५ खाटांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकीच्या हवाली असणे हे दृश्य अपरिचित नाही. सलाईन, इंजेक्शने, औषधांचा हिशेब आणि रजिस्टरे यांत तिची पाळी संपते. रजिस्टर तपासले जाते. रुग्णाशी झालेले बोलणे कोणी तपासत नाही. तेव्हा वेळ अपुरा पडला की काय वगळले जाईल, हे सांगावयास नको.

म्हणून केवळ सुसंवादाची शिबिरे भरवून भागणार नाही. रिक्त पदे भरली पाहिजेत. लिखापढीचे काम लिपिकांकडे सोपवले पाहिजे. रुग्णाला काय समजावले आणि त्याने ते आपल्या शब्दांत परत सांगितले काय, याची नोंद केसपेपरवर झाली पाहिजे. नोंद झाली म्हणजे ते काम ठरेल, आणि काम ठरले म्हणजे त्यासाठी वेळ मागता येईल.

रुग्णालयाच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. ती येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी आहे. खाटेवरच्या माणसाला मात्र कोणीतरी बोलावयास हवे असते.